बसणीची चोरी

१. साक्षीदार बेपत्ता

दगड चोरीला गेलाय अशी फिर्याद आली, तेव्हा फौजदारबाईंना वाटलं, हवालदाराला ऊन लागलंय.

“दगड म्हणजे कसला रे? हिरा? माणिक?”

“नाही बाई. दगडच. दगडासारखा दगड.”

“मग आपल्या आवारातला एक उचलून दे आणि मोकळा हो की. नाहीतरी चार जास्तच आहेत.”

“तसं नाही चालायचं. तो साक्षीदार आहे म्हणतात. आज दुपारी त्याची साक्ष आहे.”

फौजदारबाईंनी नोकरीत फितूर साक्षीदार पाहिले होते, पळून गेलेले पाहिले होते, ऐन वेळी कानानं बहिरे झालेलेही पाहिले होते. पण जो जन्मापासूनच तोंड उघडत नाही, असा साक्षीदार पळवायची गरज कुणाला पडावी? त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि जीप काढायला सांगितली.

समितीची इमारत नवी होती. नवी म्हणजे उद्घाटन झालेली. पूर्ण झालेली नव्हे. पुढच्या दाराला चकचकीत फरशी आणि पितळी पाटी, मागच्या दाराला पायरीसुद्धा नाही. मागून जाणारा प्रत्येकजण गुडघाभर उंच उंबऱ्यावर चढायचा आणि बाहेर पडताना उडी मारायचा. मागच्या आठवड्यात बंदोबस्तासाठी आल्या तेव्हा फौजदारबाईंनीही उडी मारली होती आणि मनातल्या मनात बांधकाम खात्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती.

आज मात्र पाय अलगद पडला. पायरी आली होती! चांगली ऐसपैस, मधोमध जरा खोलगट. पाय कसा बशीत ठेवल्यासारखा बसला.

“बांधकाम खातं जागं झालं वाटतं,” त्या म्हणाल्या.

“नवल आहे,” हवालदार म्हणाला आणि पायरीवर बुटांची माती झटकून आत शिरला.

आत सभागृहात टेबलावर एक लाकडी पेटी उघडी पडली होती आणि तिच्याभोवती माणसं मयताला जमावीत तशी जमली होती. ही ‘सर्वांना एक कायदा समिती’. लग्न, वारसा, दत्तक, सगळ्या बाबतीत सगळ्यांना एकच कायदा असावा म्हणून ती नेमली होती. कल्पना वाईट नव्हती. फौजदारबाईंना तर ती मनापासून पटायची. त्यांच्या स्वतःच्या समाजात कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा होता. फक्त झालं असं, की कायद्यानं वाटा दिला आणि भावांनी पेन दिलं. हक्कसोडीवर सही करून, वहिनीच्या हातचा चहा पिऊन बाई परत आल्या होत्या. चहा चांगला होता.

“काल संध्याकाळी दगड या पेटीत होता,” अध्यक्षसाहेब म्हणाले. निवृत्त न्यायमूर्ती, आवाज खर्जातला, उंची मात्र त्या मानानं कमी. “मी स्वतः पेटीला लाखेचं सील लावलं. खोलीला कुलूप लावलं. सकाळी सील शाबूत, कुलूप शाबूत. पेटी सर्वांसमक्ष उघडली. आणि आत हे!”

फौजदारबाई पेटीत वाकल्या. आत जाडजूड पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे ग्रंथ होते. समितीचेच अहवाल. खंड पहिल्यापासून थेट शेवटपर्यंत, एकही न उघडलेला.

कोपऱ्यात भिंतीला टेकून एक बाई उभी होती. पन्नाशीची, पायात धूळ, डोळे कोरडे. तिनं पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आमचा दगड नेला आणि बदल्यात कागद ठेवले. नवीन काय त्यात? नेहमी असंच करता.”

२. अध्यक्षांचे पाय

त्या बाईला सगळे ‘राहती’ म्हणत. डोंगरातल्या लोकांची रीत अशी, की भावंडांपैकी जो घरी राहतो त्याच्याकडे घर आणि जमीन. मुलगा असो की मुलगी, थोरला असो की शेंडेफळ. राहिला तो राहता, राहिली ती राहती. बाकीचे ते गेलेले. गेलेल्यांना वाटा नाही. पण त्यांना एक हक्क असतो, परत यायचा. दाराशी एक दगड असतो, त्याला बसणी म्हणतात. गेलेला कधीही येऊन बसणीवर बसला, की त्याला घरात घ्यावंच लागतं. राहतीनं त्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘जेवलास का?’ कुठं होतास, का गेलास, हे विचारायचं नाही.

“म्हणून जमीन विकता येत नाही,” राहती म्हणाली. “न आलेल्याचा हक्क मी कसा विकू? तो अजून वाटेत असेल.”

नव्या कायद्यात मात्र सगळ्या भावंडांना सारखे तुकडे, आणि ज्याचा तुकडा त्यानं विकावा. तुकडे घ्यायला खाणवाले डोंगराच्या पायथ्याशी बसलेच होते. समितीनं राहतीला सांगितलं होतं, रीत आहे म्हणतेस तर पुरावा आण. तोंडी चालणार नाही, मूळ वस्तू पाहिजे. म्हणून तिनं दाराशी असलेला दगड गोणपाटात गुंडाळून, आयुष्यात पहिल्यांदा, दारापासून हलवला होता.

“आणि आता पुरावा नाही,” अध्यक्ष म्हणाले. “जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी थांबेन. दगड आला तर ठीक. नाहीतर मसुद्यात ‘अशी कोणतीही रूढी आढळून आली नाही’ असं आहेच, त्यावर सही करतो.”

“म्हणजे घर गेलं माझं,” राहती म्हणाली. रडली नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं.

फौजदारबाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि अध्यक्षांसमोर बसल्या. टेबलाला समोरच्या बाजूनं जमिनीपर्यंत निळं कापड सोडलेलं होतं.

“सील लावताना पेटीत पाहिलंत?”

“सील लावणाऱ्यानं आत पाहायचं नसतं. बाहेरून लावायचं असतं.”

“पेटी नजरेआड कधी झाली होती?”

“कधीच नाही. फक्त सील लावायच्या आधी आम्ही फोटोला गेलो होतो. पुढच्या दारात. सदस्यांचा एकत्र फोटो, कर्मचारी सोडून. एकजुटीचा.” त्यांचा चेहरा त्रासिक झाला. “फोटोग्राफरनं सगळ्यांना इतका वेळ हसत उभं केलं, की दोन सदस्यांचं त्यावरून भांडण झालं.”

बोलता बोलता अध्यक्ष सारखे चुळबुळ करत होते. एकदा तर वाकून टेबलाखाली पाहिलं आणि तोंड वाकडं करून परत वर आले.

“काही हरवलं का साहेब?”

“छे छे. काही नाही.”

फौजदारबाईंनी पेन खाली पाडलं, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेल्या आणि ते उचलायला वाकल्या. अध्यक्षांचे पाय जमिनीपासून वीतभर वर, शाळकरी पोरासारखे लोंबकळत होते.

बाहेर येऊन त्यांनी हवालदाराला विचारलं, “यांना बरी खुर्ची देत नाहीत का रे?”

“त्यांचाच हुकूम हो. सगळ्या सदस्यांना एकाच उंचीची खुर्ची पाहिजे म्हणाले. आल्या तशा. सगळ्यांना बरोबर आहेत, फक्त हुकूम देणाऱ्याला सोडून.”

“मग आजवर पाय कुठं ठेवत होते?”

हवालदारानं खांदे उडवले. फौजदारबाई पेटीतल्या ग्रंथांकडे पाहत राहिल्या. सगळ्यात वरच्या खंडाच्या कातडी पुठ्ठ्यावर बुटाच्या टाचेचे दोन गुळगुळीत ठसे होते.

३. उभा राहणारा माणूस

समितीचे सचिव कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. सगळा मसुदा त्यांनीच अध्यक्षांच्या शेजारी बसून लिहिलेला. फौजदारबाईंनी खुर्ची पुढे केली.

“बसा की.”

“नको. कंबर लचकलीय. बसलो की उठता येत नाही. काल झोपेत काहीतरी झालं.”

“वयच आहे आपलं. पेटी आली तेव्हा ताब्यात कुणी घेतली?”

“मीच.”

“दगड पाहिलात?”

सचिव खिडकीबाहेर पाहू लागले. “गोणपाटात होता.”

“तुम्हाला काय वाटतं, असते का अशी रीत?”

“माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही. उदाहरण लागतं. परत आल्याचं एक तरी उदाहरण दाखवा, असं मी मसुद्यात लिहिलंय. एकही नोंद नाही.” त्यांनी फाइलची नाडी उगीच सोडून पुन्हा बांधली. “गेलेलं माणूस परत येत नाही, बाई. सांगायला सोपं असतं, येणार कुठल्या तोंडानं?”

त्यानंतर खाणवाल्यांचे वकील आले. हे बसले, पाय पसरले, आणि न विचारताच हसले.

“माझ्यावर संशय असणार तुमचा. रास्त आहे. दगड गेला तर माझं भलंच. पण खरं सांगू? मला चोरी करायची गरजच नाही. राहतीची गेलेली भावंडं तीन. दोघांच्या सह्या खिशात आहेत. कायदा आला की दोन तुकडे आमचे.”

“आणि तिसरा?”

“तो लहानपणीच शिकायला म्हणून गेला तो गेलाच. नाव बदललं म्हणतात. खूप शोधलं. मेला असेल बिचारा.” वकिलांनी बिचारा हा शब्द चहात साखर टाकावी तसा टाकला. “आणि बाई, उगीच डोंगराच्या रीतीच्या प्रेमात पडू नका. यांच्या पंचायतीत काल-परवापर्यंत बायकांना मागे बसवायचे. विचारा तिला!”

दाराशी उभ्या असलेल्या राहतीनं ते ऐकलं. “खरं आहे त्यांचं,” ती म्हणाली. “बसवायचे. आम्ही बायका भांडलो आणि पुढे येऊन बसलो. अजून पुष्कळ भांडायचंय. पण वकीलसाहेब, भांडायला घर लागतं. घरच नेलंत तर भांडू कुठं, तुमच्या खाणीत?”

वकिलांनी पाय आवरले.

तेवढ्यात ठाण्यातून मोठ्या साहेबांचा फोन आला. “बाई, एका धोंड्यासाठी किती वेळ घालवणार? ‘तपास सुरू’ लिहा आणि या.”

“येते साहेब.”

“कधी?”

“तपास संपला की,” फौजदारबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. गेल्या खेपेला असंच उत्तर दिलं होतं तेव्हा बदली झाली होती. म्हणजे निदान सवय तरी होती.

४. पायरीचं उद्घाटन

मागच्या दारात गर्दी जमली होती. बांधकाम खात्याचे अभियंता लाल फीत घेऊन आले होते आणि पायरीसमोर ती ताणून बांधायला दोन खांब शोधत होते.

“ही पायरी तुमची?” फौजदारबाईंनी विचारलं.

“म्हणजे काय! आमचीच. केव्हापासून प्रस्तावात होती.”

“बसवली कधी?”

“योग्य वेळी.”

“कुणी बसवली?”

“खात्यानं.” अभियंता जरा जवळ सरकले. “बाई, खरं म्हणजे मला आज सकाळीच कळलं की झालीय. आमच्या खात्यात कधी कधी कामं होतातही. झालेल्या कामाची चौकशी करायची नसते, उद्घाटन करायचं असतं.”

“गेला का तो फीतवाला?” आतून अध्यक्षांचा आवाज आला. “त्याला म्हणावं, फीत सगळीकडे एकाच रंगाची पाहिजे!”

सचिव फाइल घेऊन बाहेर निघाले. सगळ्यांनी वाट दिली. पायरी समोर होती, आडवी, मजबूत. सचिवांनी दाराच्या चौकटीला हात धरला, श्वास घेतला, आणि पायरी टाळून थेट जमिनीवर उडी मारली. उतरताच कमरेवर हात दाबून ‘आई गं’ केलं.

“सवय हो साहेबांची,” हवालदार कुजबुजला. “पायरी नव्हती तेव्हापासूनची. माणूस सवयीचा गुलाम.”

फौजदारबाई हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. कंबर लचकलेला माणूस सवयीनं कण्हतो. सवयीनं उडी मारत नाही.

त्यांनी पायरीकडे पाहिलं. नवी पायरी. मधोमध झिजून खोलगट झालेली. पावलांनी झिजते ती पायरी पुढच्या कडेला झिजते, जिथं पाय पडतो तिथं. ही झिजली होती बरोबर मधोमध, रुंद आणि गोल. पायांनी नव्हे.

आणि सकाळी त्या पायरीवर बूट कुणी पुसले होते?

फौजदारबाई दोन पावलं मागे सरल्या. “फीत सोडा,” त्या अभियंत्याला म्हणाल्या.

“पण मंत्र्यांच्या पुतण्याला बोलावलंय!”

“त्याला म्हणावं, पायरी उद्घाटनाच्या आधीच वापरात होती. फार आधीपासून.”

५. राहतीचं मौन

राहती पुढच्या दाराशी बाकावर बसली होती. आली तेव्हापासून तिला इमारतीच्या मागे कुणी जाऊच दिलं नव्हतं. मागचं दार म्हणे अधिकाऱ्यांसाठी.

“बसणी घरात का ठेवत नाही तुम्ही?” फौजदारबाईंनी विचारलं.

“घरात आलेल्याला बसणी कशाला? ती दाराशीच हवी. कुठंही न्या, दाराशीच ठेवायची. खळगा वर. उपडी ठेवली तर येणाऱ्याला नाही म्हटल्यासारखं होतं. आमच्यातला माणूस मरेल पण उपडी ठेवणार नाही.”

“आणि पाय लावला तर?”

“पाय?” राहतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी बूट बाकाखाली ओढले. “रांगतं पोरसुद्धा वळसा घालतं. आणि एक सांगते, गेलेला आपल्या घरची बसणी समोर दिसूनही न बसता पुढे गेला, तर त्याचा परतीचा हक्क संपला. कायमचा.”

“डोळ्यांसमोर दिसली तर?”

“डोळ्यांसमोर, चारचौघांत, राहतीच्या देखत.”

फौजदारबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तुमचा तिसरा भाऊ, तो धाकटा. तुम्ही त्याला पाहिलंत तर ओळखाल?”

राहतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“जो स्वतः बसणीवर बसत नाही, त्याला आपण ओळख दाखवायची नसते. चारचौघांत त्याची मान खाली जाते. नाव बदललेलं असलं तर जास्तच.” मग ती हळूच म्हणाली, “कडक इस्त्री केली तरी कान कुठं बदलतात, बाई? आमच्या बाबांचेच कान आहेत ते.”

“समितीसमोर इतके दिवस उभ्या राहिलात, आणि बोलला नाहीत?”

“तो लिहीत होता की परत आल्याचं उदाहरण नाही. मी कशी मध्ये बोलू? उदाहरण त्याच्याच हातात होतं.”

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. सभागृहात अध्यक्षांनी सहीचं पेन उघडलं असणार.

“चला माझ्याबरोबर,” फौजदारबाई उठल्या. “आज मागच्या दारानं जायचं.”

६. जेवलास का?

मागच्या दाराशी सगळ्यांना उभं केलं. अध्यक्ष वैतागलेले, वकील घड्याळ पाहत, अभियंता फितीची गुंडाळी कुरवाळत, समितीचा टंकलेखक वही घेऊन, सचिव दाराच्या आत, उभेच. राहती बाहेरून आली, कोपरा वळली, आणि दगड पाहून थबकली. तिनं खाली वाकून पदरानं त्याच्यावरची माती पुसायला घेतली.

हवालदार बुटांकडे पाहायला लागला.

“ही तर पायरी!” अध्यक्ष म्हणाले.

“पायरी काल नव्हती, साहेब. दगडही काल पेटीतून गेला. नवी पायरी मधोमध झिजलेली कशी? तर बसून बसून. हाच तुमचा साक्षीदार. सकाळपासून आपण सगळ्यांनी त्याच्यावर पाय दिलाय. मी पहिली.”

“पण खातं—” अभियंत्यानं सुरुवात केली.

“खात्यानं न केलेलं काम आपलं म्हटलं, म्हणून चोराला लपायला जागा मिळाली. तुमच्याइतकी मदत त्याला कुणीच केली नाही.”

“सील कसं शाबूत राहिलं?” अध्यक्ष गरजले. “भूतबाधा?”

“सील लागलं तेव्हाच आत ग्रंथ होते. दगड आधीच गेला होता, तुम्ही सगळे फोटोत हसत होतात तेव्हा. फायलींच्या हातगाडीवरून दगड मागच्या दारापर्यंत आला, गाडी कलती केली, घसरून खाली पडला. मग तो सरळ करताना माणसाची कंबर लचकते. पेटी हलकी लागू नये म्हणून तिच्यात वजन घालावं लागलं. अहवाल घातले. आता प्रश्न, ते कुठं होते?”

अध्यक्ष अचानक छताकडे पाहू लागले.

“कपाटातला एकही खंड हललेला नाही. पेटीतला संच होता टेबलाखालचा. समोर निळा पडदा; पलीकडे बसणाऱ्या वकीलसाहेबांना तो कधी दिसलाच नसेल. दिसणार फक्त अध्यक्षांना आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला. अध्यक्ष फोटोत मधोमध होते. तेव्हा वकीलसाहेब, तुम्ही सुटलात. दुःख झालं असेल तर सांगा.”

“आणि चोराची चूक?” वकिलांना आता रस वाटू लागला होता.

“पक्का चोर असता तर दगड विहिरीत गेला असता. निदान उपडा पडला असता. यानं तो नेला आणि ठेवला कुठं? दाराशी. खळगा वर. आणि सकाळपासून या इमारतीत एकच माणूस त्याच्यावर पाय न देता, दुखऱ्या कमरेनं उडी मारतोय. शहराच्या माणसानं चोरी केली, पण दगड ठेवला डोंगरातल्या पोरानं.” फौजदारबाई थांबल्या. “नाव मी घेणार नाही. यांच्यात घेत नाहीत.”

सगळ्यांच्या माना सचिवांकडे वळायला लागल्या, तशी राहती त्यांच्या आणि सचिवांच्या मधे उभी राहिली.

“बघू नका त्याच्याकडे,” ती म्हणाली. “त्याचं त्याला ठरवू दे.”

अध्यक्ष सावरले. “छान. दगड मिळाला. पण दगड म्हणजे रीत नव्हे. मसुद्यात स्पष्ट आहे, परत आल्याचं उदाहरण नाही. सचिव, मसुदा द्या. सही करतो आणि निघतो.”

सचिवांच्या हातात फाइल होती. ती पुढे करायची एवढंच काम होतं. समोर उंबरा, त्याखाली दगड, दगडापलीकडे बहीण. उडी मारली असती तर नोकरी शाबूत, नाव शाबूत, सील शाबूत.

“साहेब,” ते म्हणाले, “मसुद्यात एक चूक आहे. मीच केलेली. काल दगड आला तेव्हा गोणपाट जरा सरकलं होतं. आज तो सगळ्यांसमोर मांडला जाणार होता. त्याच्यासमोरून चालत जाऊन माझ्या खुर्चीवर कसा बसणार होतो मी? आणि त्याच्यावर बसायची हिंमत नव्हती. म्हणून हलवला. टाकून द्यावा म्हटलं, तर हात उचलेना.”

त्यांनी फाइल उंबऱ्यावर ठेवली. चौकटीला धरून, कण्हत, एकेक पाय वाकवत ते खाली आले आणि बसणीवर बसले. कडक इस्त्री गुडघ्यात मोडली. खळग्यात ते असे बसले, जणू मापच घेतलं होतं.

राहती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“जेवलास का?”

सचिवांनी बहिणीकडे पाहिलं. “नाही गं, ताई.”

“अटक करा!” अध्यक्षांचा खर्ज फाटला. “ही सरकारी पुराव्याची चोरी आहे!”

“करते की,” फौजदारबाई म्हणाल्या. “फक्त कायदा कुठला लावू ते सांगा. तुमच्या मसुद्याप्रमाणे घराच्या सगळ्या मालात भावंडांचा सारखा वाटा. म्हणजे दगडात यांचाही वाटा. आपल्याच घरचा माल यांनी दाराशी नेऊन ठेवला. डोंगराच्या रीतीनं पाहिलं, तर बसणी गेलेल्यासाठीच असते, आणि गेलेला तिच्यावर बसलाय. दोन्हीकडून सुटतोय, साहेब.”

“मी वरपर्यंत जाईन! लेखी फिर्याद देईन!”

“जरूर द्या. अहवाल कुठून गेले, तेही लिहावं लागेल. सगळ्यांना समान न्याय सांगणारे ग्रंथ कुणाच्या पायाखाली होते, कशासाठी होते, खुर्चीची उंची किती. पत्रकारांना वाचायला आवडेल.”

अध्यक्षांनी फौजदारबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. फिर्याद तिथंच संपली.

“तिसरी सही,” वकील दबक्या आवाजात सचिवांना म्हणाले. “भाव चांगला देऊ.”

“सही मिळणार नाही,” सचिव बसल्या जागेवरून म्हणाले, आणि टंकलेखकाकडे वळले. “लिहून घ्या. परत आल्याचं उदाहरण: एक. साक्षीदार: हजर असलेले सगळे. अध्यक्षसाहेबांसह.”

“तुमची नोकरी जाईल,” अध्यक्ष म्हणाले.

“जाईल. माझं घर दाराशी आलंय.” त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली आपटले. “ताई, हात दे. कंबर गेली.”

“बस थोडा वेळ,” राहती म्हणाली. “इतकी वर्षं बसला नाहीस, आता घाई कसली?”

तिनं हसत हात दिला. अभियंत्यानं न सांगता दुसऱ्या बाजूनं खांदा दिला, आणि त्याच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच खरं काम झालं.

समिती त्यानंतर काय लिहिणार, वरचे काय करणार, कोर्टात कोण कुणाला खेचणार, हे फौजदारबाईंना ठाऊक नव्हतं. पण ‘आढळून आली नाही’ ही ओळ आता कुणी लिहिली, तर ती इतक्या जणांच्या डोळ्यांदेखत खोटी ठरणार होती. त्यासाठी बदली झाली तरी बेहत्तर.

दगड पुन्हा गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये चढला. हवालदारानं तो उचलण्याआधी कुणी न सांगता बूट काढले.

जीपकडे जाता जाता फौजदारबाईंनी फोन काढला आणि मोठ्या भावाचा नंबर लावला.

“दादा, रविवारी येतेय.”

“ये की. चहा-बिहा करायला सांगतो वहिनीला.”

“चहा नको. गेल्या वेळचा फार महाग पडला.”

“मग कशाला येतेयस?”

“बाबांच्या घराच्या दारात पायरी आहे ना अजून?”

“आहे. का?”

“बसायला येतेय,” फौजदारबाई म्हणाल्या. “आणि दादा, मी बसले की आधी मला विचार, जेवलीस का. बाकीचं मग मी विचारते.”